निवाडा आणि नोंद

कायदा हा आमचा विषय नव्हे. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवितो. तरीही भूसंपादनावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, याचे कारण या विषयातील निम्मे भांडण जमिनीचे असले तरी उरलेले निम्मे शब्दांचे आहे, अशी आमची समजूत दिवसेंदिवस पक्की होत गेली आहे. खानदेशात राहणाऱ्या माणसाला हा विषय टाळताही येत नाही. तापी-गिरणेवरची धरणे, धुळ्यात एकमेकांना छेदणारे दोन राष्ट्रीय महामार्ग, भुसावळ आणि दोंडाईच्याकडचे वीजप्रकल्प, उत्तरेला सातपुड्यात शिरलेले नर्मदेचे पाणी, यांपैकी कशासाठी ना कशासाठी ज्याच्या नात्यातली जमीन गेली नाही असे घर आमच्या भागात सहसा सापडत नाही.

प्रथम दोन शब्द पाहू. 'मोबदला' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी 'बदल', म्हणजे अदलाबदल आहे. एक देतो, दुसरा घेतो, आणि दोघांची त्याला संमती असते, असे या शब्दात गृहीत आहे. दुसरा शब्द 'निवाडा'. गोतसभेच्या काळापासून निवाडा म्हणजे वादी-प्रतिवादी या दोघांचे ऐकून तिसऱ्याने दिलेला निर्णय. भूसंपादनाच्या कायद्यात हे दोन्ही शब्द आहेत आणि दोहोंचा मूळ अर्थ मात्र तेथे नाही. जमीन देणाऱ्याची संमती लागत नाही, म्हणून ती अदलाबदल नव्हे. आणि निवाडा देणारा अधिकारी हा ज्या सरकारला जमीन हवी आहे त्याच सरकारचा असतो. १९०५ साली कलकत्त्याच्या एझ्रा प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्टच सांगितले होते. जिल्हाधिकाऱ्याची चौकशी ही न्यायालयीन नसून प्रशासकीय असते आणि त्याने ठरविलेली रक्कम हा सरकारने जमीनमालकापुढे ठेवलेला प्रस्ताव असतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जो गिऱ्हाईकाने सांगितलेला भाव आहे, त्यालाच आपण शंभराहून अधिक वर्षे 'निवाडा' म्हणत आलो. साहेबाने निवाडा दिला म्हणजे विषय संपला, असे समजून सही करणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? त्याने त्या मराठी शब्दावर विश्वास ठेवला, इतकेच.

मोजणी

या प्रश्नाचा इतिहास साधारणतः १८९४ च्या कायद्यापासून सांगितला जातो. खानदेशापुरता तो आणखी चाळीस वर्षे मागे नेला पाहिजे, असे आम्हांस वाटते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. पुढे तीन दशकांनी जमिनीची नवी मोजणी आणि प्रतवारी करून सारा बसविण्याचे काम येथे सुरू झाले. १८५२ मध्ये त्या मोजणीविरुद्ध सावदा, यावल, एरंडोल या बाजूंचे शेतकरी जमावाने उठले. सारा वाढेल ही त्यांची भीती होती. सरकारने फौज आणून हा उठाव मोडला, पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी पुढे चालू राहिली.

या उठावाकडे अडाणी रयतेची आकस्मिक खळबळ म्हणून पाहण्याची पद्धत आहे. पण त्या शेतकऱ्यांना एक गोष्ट अचूक कळली होती. सरकार जमीन मोजते ते काहीतरी घेण्यासाठी मोजते. साखळीने मोजलेले क्षेत्र, आण्यांत मांडलेली प्रत, त्यावरून ठरलेला आकार, हे सारे दप्तर वसुलीसाठी तयार झाले. तेव्हापासून शेतकऱ्याला एक सवय लागली. सरकारपुढे आपली जमीन कमी सांगावी. विहिरीला पाणी असले तरी बेताचे सांगावे, बागायत असली तरी जिरायत लिहिलेली राहू द्यावी. पुढे मुद्रांक शुल्क आले तेव्हा याच सवयीने खरेदीखतात किंमत कमी लिहिली जाऊ लागली. ही सवय प्रामाणिकपणाला धरून होती असे आम्ही म्हणत नाही. पण नोंद म्हणजे भुर्दंड, हा तीन-चार पिढ्यांचा अनुभव तिच्यामागे होता, हे विसरता येत नाही.

भूसंपादनात हेच दप्तर उलटे वापरले जाते. वसुलीसाठी केलेली नोंद मोबदला ठरविण्यासाठी उघडली जाते. अनेक निवाड्यांत जमिनींचे गट पाडले जातात ते त्यांच्या जुन्या आकारणीवरून. बाजारभाव काढला जातो तो शेजारच्या गटांच्या खरेदीखतांवरून, म्हणजे ज्या कागदांत भाव मुद्दाम कमी लिहिलेला असतो त्या कागदांवरून. आजोबांनी साऱ्याचे चार पैसे वाचविले, वडिलांनी मुद्रांकाचे वाचविले आणि नातवाच्या पदरात त्या बचतीची भरपाई पडली. खानदेशातील मोबदल्याच्या रडकथेचे मूळ आम्हांस येथे दिसते. दर कमी की जास्त हा वाद नंतरचा. ज्या नोंदीवरून दर निघतो ती नोंद कोणी, कशासाठी आणि कोणाच्या धाकाखाली केली, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

१८९४ चा कायदा काय म्हणत होता

भूसंपादनाचे पहिले नियम बंगालमध्ये १८२४ साली झाले. १८५७ चा कायदा सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला. हा रेल्वे घालण्याचा काळ होता. १८७० मध्ये सुधारित कायदा आला आणि १ मार्च १८९४ पासून जो कायदा अमलात आला तो तब्बल १२० वर्षे टिकला. त्याची यंत्रणा थोडक्यात अशी होती. कलम ४ खाली सरकार जमिनीची गरज जाहीर करी, कलम ६ खाली सार्वजनिक प्रयोजन घोषित करी, कलम ९ ची नोटीस मालकाचे म्हणणे मागवी आणि कलम ११ खाली निवाडा होई. निकड दाखविली तर कलम १७ खाली ताबा आधीच घेता येई. हरकत मांडण्याचा हक्क मूळ कायद्यात नव्हता. तो १९२३ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी दोनच वर्षे मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला होता. एका खाजगी कंपनीसाठी सरकारने शेतकऱ्याची जमीन सक्तीने का घ्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हाच उभा राहिला होता.

या कायद्यातील एक वाक्य आम्ही पुनःपुन्हा वाचले आहे. मोबदला ठरविताना काय विचारात घ्यायचे ते कलम २३ सांगे आणि काय घ्यायचे नाही ते कलम २४. या दुसऱ्या यादीत जमीन सोडण्याविषयीची मालकाची नाखुशी ही एक बाब होती. तिच्याकडे दुर्लक्ष करावे असा स्पष्ट आदेश होता. त्याच वेळी कलम २३ मध्ये, ही खरेदी सक्तीची आहे म्हणून बाजारभावावर शेकडा १५ अधिक द्यावेत, अशीही तरतूद होती. तिला मराठी कार्यालयीन भाषेत 'दिलासा रक्कम' असे गोड नाव मिळाले. म्हणजे नाखुशी मोजायची नाही, पण सक्तीबद्दल दिलासा द्यायचा. नाखुशीशिवाय सक्ती कशी असते, हे कोडे कायद्याने सोडविले नाही.

कलम २५ याहून अवघड होते. कलम ९ च्या नोटिशीला उत्तर देऊन जेवढी रक्कम मागितली असेल त्याहून एक पैही अधिक देण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. आणि पुरेसे कारण नसताना काहीच मागितले नसेल, तर निवाड्यातील रकमेपेक्षा अधिक काही मिळण्याची वाटच बंद. निवाडा मान्य नसेल तर कलम १८ खाली न्यायालयाकडे जाता येई, पण त्यासाठी रक्कम उचलताना 'हरकत कायम ठेवून' उचलली पाहिजे. मुकाट्याने पैसे घेतले की दाद मागण्याचा हक्क संपला. अर्जाची मुदतही ठरलेली. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास सहा आठवडे.

आता ज्याच्या हाती ही नोटीस पडे त्या माणसाचा विचार करावा. शिंदखेड्याच्या किंवा चोपड्याच्या खेड्यातला, अहिराणीत बोलणारा, अंगठा उठविणारा कास्तकार. त्याला सरकारी मराठीतली नोटीस येते. तिच्यात रक्कम किती मागावी हे लिहिलेले नसते. न मागण्याचा परिणाम काय, हेही नसते. तो गप्प बसतो, कारण सरकारपुढे गप्प बसणे हेच त्याला शहाणपणाचे म्हणून शिकविलेले असते. कायदा त्या गप्प बसण्याला संमती समजतो. याच गावातला दोन बुके शिकलेला, वकील गाठणारा शेतकरी मात्र न्यायालयातून दुप्पट-चौपट रक्कम आणतो. एकाच काळ्या जमिनीला दोन भाव पडतात आणि त्यांतला फरक मातीतला नसून वाचता येण्या-न येण्यातला असतो.

तारखांचा खेळ

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अनुच्छेद ३१ मध्ये मोबदल्याचा हक्क मूलभूत मानला. मोबदला म्हणजे जे घेतले त्याची पूर्ण बरोबरी, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने बेला बॅनर्जी प्रकरणात लावला. त्यावर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली आणि मोबदल्याच्या पुरेपणाचा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेला. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने 'मोबदला' हा शब्दच काढून तेथे 'रक्कम' हा शब्द घातला. १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तो अनुच्छेद ३०० अ मध्ये गेला. या दुरुस्त्यांचा हेतू मोठ्या जमीनदारांचा अडथळा दूर करण्याचा होता आणि तो हेतू आम्हांस गैर वाटत नाही. पण जमीनदारासाठी उपसलेले हत्यार पाच एकरांच्या धन्यावरही चालते, याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला नाही.

धरणांचा मोठा काळ हाच. गिरणा धरण १९६९ मध्ये, हतनूर १९८२ मध्ये पूर्ण झाले. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य, ही गोष्ट अभिमानाने नोंदवावी अशीच आहे. १९८४ मध्ये केंद्राने जुन्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. दिलासा रक्कम शेकडा १५ वरून ३० झाली, बाजारभावावर वार्षिक १२ टक्के वाढीव रक्कम आली, व्याज वाढले, जाचक कलम २५ बदलले. शिवाय कलम २८ अ आले. त्यानुसार एका शेतकऱ्याने न्यायालयातून वाढीव मोबदला मिळविला, तर त्याच अधिसूचनेतील न्यायालयात न गेलेल्या शेजाऱ्यालाही तीन महिन्यांत अर्ज करून तो मागता येऊ लागला. गप्प बसलेल्याची कायद्याने घेतलेली ही पहिली दखल होय.

पण दुरुस्ती कोणाला लागू, याच्याही तारखा ठरल्या. जिल्हाधिकाऱ्याचा किंवा मूळ न्यायालयाचा निवाडा ३० एप्रिल १९८२ ते २४ सप्टेंबर १९८४ या काळातला असेल तरच वाढीव दिलासा जुन्या प्रकरणाला मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रघुबीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. त्याआधी ज्यांचे सर्व निवाडे होऊन गेले ते पंधरा टक्क्यांवरच राहिले. महामार्गांची कथाही अशीच. राष्ट्रीय महामार्ग कायद्यातील १९९७ च्या बदलांनंतर रस्त्यासाठी जमीन देणाऱ्याला दिलासा रक्कमच नव्हती. हा भेदभाव घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात ठरविले. तोवर बावीस वर्षे गेली होती. एकाच शिवारात कालव्याला गेलेली जमीन आणि महामार्गाला गेलेली जमीन यांच्या दुःखाचे दोन वेगवेगळे दर या देशात बिनबोभाट चालले.

ज्यांची नोंदच नव्हती

आतापर्यंत ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांच्याविषयी बोललो. पूर्वीच्या धुळे जिल्ह्याच्या, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांत चित्र निराळे होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे येणार होती. सारी सातपुड्याच्या कुशीतली, भिल्ल-पावरा वस्तीची. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने विस्थापितांसाठी त्या काळाच्या मानाने पुढची गोष्ट सांगितली होती. ज्या कुटुंबाची चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदली ओलिताची जमीन, किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. 'मोबदला' या शब्दाचा मूळ अर्थ येथे कायद्याच्या सर्वांत जवळ आला होता, कारण येथे खरोखरच अदलाबदल होती.

पण जमिनीला जमीन द्यायची तर आधी कोणाची किती जमीन होती हे कळले पाहिजे. १८५२ ची ती साखळी या डोंगरात पोहोचली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते कागदावर वनखात्याची होती आणि कसणारे अतिक्रमणदार. मैदानातील शेतकऱ्याचे दुःख असे की सरकारने त्याची चुकीची नोंद केली. डोंगरातील माणसाचे दुःख असे की त्याची नोंदच केली नाही. मणिबेलीपासून सुरू झालेल्या नर्मदा बचाव आंदोलनाच्या लढ्यात धरणाचा विरोध लोकांच्या लक्षात राहिला. पण त्या लढ्याचा मोठा भाग याद्या करण्याचा होता, म्हणजे कोण घोषित प्रकल्पग्रस्त, कोण अघोषित, कोणाचा मुलगा सज्ञान धरायचा, याचा होता. वनहक्कांचा कायदा झाला तो २००६ मध्ये. पाणी त्याआधीच पुष्कळ चढले होते.

विखरण

आता विखरणकडे येऊ. दोंडाईच्याजवळचे, शिंदखेडा तालुक्यातले हे गाव. तेथील जमीन २००९ च्या सुमारास औष्णिक वीजप्रकल्पासाठी संपादित करण्याचे ठरले. पुढे त्याच जागी सौरऊर्जा प्रकल्पाची योजना आली. गावचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन त्यात गेली. तिचा मोबदला सुमारे चार लाख रुपये ठरला. शेतात विहीर आहे, शेकडो आंब्यांची बाग आहे, ती धरलीच नाही, आणि तशाच जमिनीला इतरांना कितीतरी अधिक मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते. ऐंशी ओलांडलेला हा माणूस वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे खेटे घालीत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले. रक्कम व्याजासह पन्नास लाखांच्या पुढे गेली.

चार लाख आणि पन्नास लाख. या दोन आकड्यांमध्ये जमीन तीच होती, झाडे तीच होती, कायदाही तोच होता. म्हणजे झाडे मोजणे अशक्य नव्हते, ती कोणी मोजली नव्हती, असाच याचा अर्थ होतो. त्याच फेब्रुवारीत मंत्रालयात पहिल्या मजल्याच्या पातळीवर सुरक्षा जाळी बांधण्यात आली, वरून उडी घेणाऱ्यांना झेलण्यासाठी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रकल्पाचा सुगावा लागताच रातोरात रोपे लावणारे, पत्र्याच्या शेड उभारणारे, गरजू शेतकऱ्याकडून जमीन आधीच स्वस्तात लिहून घेणारे दलाल आपल्याकडे आहेत, आणि ते सगळे बाहेरगावचे नसतात. अधिकारी प्रत्येक झाडाकडे संशयाने पाहतो त्याला हेही एक कारण आहे. त्याचा परिणाम मात्र विपरीत होतो. खोटी बाग कागदावर नीट मांडलेली असते, कारण ती कागदासाठीच लावलेली असते. खरी बाग शेतात उभी असते आणि तिच्या मालकाला ती कागदावर आणण्याची गरज कधी वाटलेलीच नसते.

'किंवा' की 'आणि'

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा अमलात आला. 'उचित' मोबदला मिळण्याचा हक्क असे त्याच्या नावातच आहे. दिलासा रक्कम शंभर टक्के झाली, ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंत गुणक आला, सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आले. जमीन नसलेल्या, पण त्या जमिनीवर तीन वर्षे पोट भरणाऱ्या सालदार-बटाईदारांनाही बाधित कुटुंब मानले गेले. ही मोठी झेप होती. तिचे पाय मागे ओढण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. डिसेंबर २०१४ चा केंद्राचा अध्यादेश दोनदा पुन्हा काढला गेला आणि अखेर ३१ ऑगस्ट २०१५ ला संपुष्टात आला. महाराष्ट्राने मात्र २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्या मूल्यांकनातून सूट दिली.

या कायद्याच्या कलम २४ मध्ये जुन्या प्रकरणांसाठी एक दार ठेवले होते. निवाडा होऊन पाच वर्षे झाली आणि ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर जुने संपादन रद्द समजावे. पुणे महापालिकेच्या एका प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा शेतकऱ्याला अनुकूल अर्थ लावला. सहा वर्षांनी, ६ मार्च २०२० रोजी, पाच न्यायाधीशांच्या पीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तो फिरविला. येथील 'किंवा' हा 'आणि' असा वाचावा, म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द, असे ठरले. उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आम्ही दरवर्षी शिकवितो. विकल्पबोधक आणि समुच्चयबोधक यांतील फरक किती एकरांचा असू शकतो, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

म्हणून उचित मोबदला म्हणजे अधिक टक्के, हे समीकरण आम्हांस अपुरे वाटते. टक्के पंधराचे तीस झाले, तीसाचे शंभर झाले. पण ज्या मूळ आकड्यावर ते टक्के चढतात तो नोंदीतून येतो, आणि नोंदीत झाड नसेल तर शंभर टक्के दिलासा हा शून्याच्या दुपटीइतकाच.

गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांचा अर्धा भाग, आजवर तलाठ्याने भरायचा असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली आणि आपले पीक, आपली फळझाडे मोबाइलवरून स्वतः नोंदविण्याची सोय शेतकऱ्याला झाली. तिच्यात अडचणी आहेत. डोंगरात फोन लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला नातवाला हाताशी धरावे लागते. तरीही १८५२ नंतर प्रथमच जमिनीच्या कागदावर लिहिणारा हात शेतकऱ्याचा स्वतःचा झाला आहे. आमच्या वर्गात बसणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांची आहेत. निबंध आणि पत्रलेखन यांच्या जोडीला यंदापासून आम्ही त्यांना घरचा सातबारा वाचायला आणि कलमवार हरकतीचा अर्ज लिहायला शिकवीत आहोत. अभ्यासक्रमात तो नाही. पण मराठीच्या तासाला याहून अधिक निकडीचे मराठी कोणते, हे आम्हांस सुचत नाही.